नमुना क्रमांक एकोणीस

५ ऑगस्ट, शनिवार

सहा महिन्यांनी वही उघडली. अठ्ठावीस वर्षं तालुक्याच्या आरोग्य प्रयोगशाळेत लोकांचे जुलाब तपासतेय, त्यात रोज काय लिहिण्यासारखं असणार! आज मात्र मी मिरवले.

आमच्या टोगझानच्या पायांची दोरी आज मी कापली. टोगझान म्हणजे माझ्या थोरल्या भावाची नात. वर्षाची झाली आणि भिंत सोडून चालायला लागली; पोर चालायला लागलं की आमच्यात त्याचे पाय दोरीने बांधून ती कापतात, म्हणजे ते पुढे अडखळत नाही. दोरी कोणी कापायची यावर तिची आजी, उरकिया वहिनी, आठवडाभर खल करत होती. जी बाई कापते तिच्यासारखं पोर निघतं, म्हणून एवढा विचार. शेवटी म्हणाली, "कुल्याश, तूच काप. चटपटीत आहेस, शिकलेली आहेस, कोणाला भीत नाहीस. फक्त तुझा तोंडाळपणा तेवढा पोरीत नको यायला." म्हटलं, "त्याची काळजी नको, तो आजीकडून येईलच."

शोलपानने, म्हणजे पोरीच्या आईने, बाजारातून काळ्यापांढऱ्या लोकरीची सुरेख दोरी आणली होती. वहिनीने, म्हणजे तिच्या सासूने, ती बाजूला सारली. "आमच्याकडे आतड्याने बांधतात. पोरीला जन्मात काही कमी पडत नाही." सकाळी कापलेल्या मेंढीच्या आतड्याचं शेवटचं, चरबीने भरलेलं टोक वहिनीने तीन पाण्यांनी धुऊन ठेवलं होतं. शोलपान माझ्या कानाशी लागली, "आपा, कच्चं आहे हो ते." मी म्हटलं, "मग? तुला खायचंय का?" सगळ्याजणी हसल्या. तीही हसली बिचारी.

एका घावात कापलं. टोगझान चार पावलं धावली, बसकण मारली, आणि सगळ्यांनी तिच्यावर गोळ्याचॉकलेटं उधळली. सुरी मला बक्षीस मिळाली. शिंगाची मूठ, कातडी म्यान, माझ्या वडिलांकडे होती तशीच. पोरांनी गलका केला तेव्हा वहिनीने तीन खरबुजं पुढ्यात आणून ठेवली, "त्याच हाताने काप, पोरं गुणाची होतील." सुरी टॉवेलने लख्ख पुसली आणि फोडी करून वाटल्या. टोगझानने आपली फोड चोखून चोखून पार साल उरवली.

शोलपानने दुकानातून तिमजली क्रीमचा केक मागवला होता. दोन तास उन्हात उभा होता तो. मी शिवलेसुद्धा नाही. माझा धंदाच असा, क्रीम दिसलं की मला जीवाणू दिसतात.

८ ऑगस्ट, मंगळवार

बालरुग्ण विभागातून दोन नमुने आले. रक्ताचे जुलाब, पोटात कळा, ताप जवळजवळ नाही. डॉक्टर बाकबेर्गेनने वर 'हगवण' लिहून पाठवलंय. त्याला मे ते सप्टेंबर सगळी हगवणच दिसते. दोन्ही पोरं वहिनीच्या गल्लीतली. शनिवारी दोघंही मांडवात धावत होती.

केक! मी म्हटलंच होतं.

९ ऑगस्ट, बुधवार

आणखी चार. त्यात आमची टोगझान. लंगोटात नुसतं रक्त. शोलपानने सकाळी सहाला फोन केला तेव्हा मी तिला झाडलंच, "कालपासून होतंय आणि मला आज सांगतेस?" ती म्हणाली, "सासूबाई म्हणाल्या, दात येतायत."

दुपारी बाटल्या घेऊन वहिनीच्या घरी गेले. उरलेलं मांस, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कुमिस, दही, सॅलड, विहिरीचं पाणी, शीतकपाटातला केकचा तुकडा, सगळ्यांचे नमुने घेतले. अठरा झाले. वहिनी सुनेच्या तोंडावर म्हणत होती, "घरात एवढं रांधलेलं असताना हिला बाजारचं लागतं."   मलाही तसंच वाटत होतं. परत येताना केकवाल्या ल्युदमिलाच्या स्वयंपाकघराला सील ठोकून आले. तिने वाद घातला नाही, नुसती दारात उभी राहिली.

१० ऑगस्ट, गुरुवार

सहाही पोरांच्या ताटल्यांवर एकच चित्र. जीवाणू वाढवायला ताटलीत ओततात त्या माध्यमात घातलेली साखर साधे आतड्यातले जीवाणू खातात आणि गुलाबी होतात. जो खात नाही तो फिका राहतो. सगळीकडे फिके, आणि भरगच्च. ही हगवण नव्हे, विष बनवणारा जीवाणू दिसतोय.

गुलनाफिस ताटल्यांकडे बघून म्हणाली, "माझ्या हातचं खाऊन कसे फोफावलेत बघा मेले." ही आमच्याकडे तीस वर्षं माध्यमं शिजवते, स्वतःला जीवाणूंची आचारी म्हणवते. मार्चमध्ये आलेलं, जनुकं शोधणारं पीसीआर यंत्र तिला आवडत नाही, कारण त्याला तिचं शिजवलेलं काही लागत नाही.

पण आता प्रश्न यंत्राचाच होता. नुसता जीवाणू फिका असून भागत नाही, त्याच्याकडे विषाचं जनुक आहे का ते बघावं लागतं. संध्याकाळी यंत्र लावलं; जनुक असेल त्या नळीची रेघ पडद्यावर वर चढते. सहाच्या सहा रेघा वर चढल्या. आणि सातवीही चढली. ती नुसत्या पाण्याची नळी होती, तिच्यात काहीच असायला नको होतं. म्हणजे माझ्याच हातून कुठेतरी नमुना सांडला होता. मी! हात धुण्यावरून अख्ख्या तालुक्याला हैराण करणारी बाई! निकाल फेकून दिला. उद्या पहिल्यापासून.

११ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी आठला बाकबेर्गेनचा फोन. "आपा, बायका मला कच्चा खातील. प्रतिजैविक सुरू करतो." मी म्हटलं, "दुपारपर्यंत थांब." तो म्हणाला, "कालही हेच म्हणालात." खरं होतं. काल पाण्याची नळी स्वच्छ असती तर कालच सांगितलं असतं.

साडेबाराला निकाल. पाणी कोरं, सहाही पोरांच्या नमुन्यांत विषाचं जनुक. विषाच्या दोन प्रकारांतला दुसरा, वाईट. धावतच इस्पितळ गाठलं, चपला प्रयोगशाळेतल्याच होत्या.

बाहेर बाकड्यावर शोलपान टोगझानला मांडीवर घेऊन बसली होती. पोर मेणासारखी दिसत होती. शोलपानच्या पर्समध्ये प्रतिजैविकाची पट्टी होती, गोळ्या फोडून पाण्यात कालवायला चमचासुद्धा आणला होता. "आपा, सगळेच देतात. मी लहान असताना आई मलाही हेच द्यायची. ही मरायला टेकलीय आणि डॉक्टर सलाइनशिवाय काही देत नाहीत."

मी शेजारी बसले. म्हटलं, "नीट ऐक. या जीवाणूकडे मुळात हे विष नव्हतं. कधीतरी त्याच्यात एक विषाणू शिरला आणि विष बनवायची कृती त्याच्या पोटात लपवून झोपून गेला. जीवाणूचं सगळं बरं चाललंय तोवर तो झोपलेलाच असतो. औषध दिलंस की जीवाणू मरायला लागतो, विषाणू जागा होतो, आणि जाता जाता तिथलं सगळं विष बनवून बाहेर ओततो. ते जातं रक्तात, आणि रक्तातून हिच्या मूत्रपिंडांत. म्हणून मारायचंच नाही त्याला. पाणी देत राहायचं आणि तो आपला आपण निघून जायची वाट बघायची."

ती म्हणाली, "म्हणजे काहीच करायचं नाही?"

"काहीच नाही. तेच अवघड असतं."

तिने पट्टी माझ्या हातात दिली. "तुम्ही म्हणताय म्हणून, आपा. दुसरं कोणी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं."

घरी आल्यावर एकदम बरं वाटलं. तसं वाटण्यासारखं काही नव्हतं, पण वाटलं खरं.

१३ ऑगस्ट, रविवार

टोगझानला कालपासून लघवी नाही. रक्तातल्या प्लेटलेट घसरल्या, चेहरा सुजला. मूत्रपिंडं बसली. दुपारी रुग्णवाहिकेने अल्माटीला नेलं. पोटात नळी घालून पाणी सोडायचं आणि काढायचं, जे मूत्रपिंडांनी करायचं ते पाण्याकडून करून घ्यायचं. बाकीची पाच पोरं सुधारतायत.

रुग्णवाहिका निघताना वहिनी दारात शोलपानला म्हणाली, "झालं समाधान केक खाऊन?" मी तिला दंड धरून आत नेलं. पण धमकावलं नाही. धमकावायला हवं होतं.

१४ ऑगस्ट, सोमवार

अठराही नमुने कोरे. केक कोरा. उन्हात दोन तास उभा राहून तो कोरा आहे, हे मला पटेना. पुन्हा लावला. पुन्हा कोरा.

१५ ऑगस्ट, मंगळवार

शोलपानचा अल्माटीहून फोन. टोगझान तशीच. पण बाई नुसती रडत बसलेली नाही. त्या दिवशीचा एकूण एक व्हिडिओ बघून तिने कागदावर यादी केलीय, कोणत्या पोराने काय खाल्लं. "आपा, आजारी सहाही जणांनी खरबूज खाल्लं, पण त्यांतल्या दोघांनी केक तोंडातच घातला नव्हता. आणि नऊ जणांनी केक खाल्ला पण त्यांना खरबूज पोचलंच नाही, ते सगळे ठणठणीत."  अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मला ही यादी पहिल्या दिवशी करायला हवी होती. मी केक बघितला आणि थांबले.

"म्हणजे केक नव्हता," ती म्हणाली. तिला सासूला सांगायची घाई झाली होती हे आवाजावरून कळत होतं.

तर खरबूज. शेतात कच्चं शेणखत टाकत असणार. उद्या शेतावर जाते.

१६ ऑगस्ट, बुधवार

शेतकरी भला माणूस. त्या शनिवारी त्याने दोन गाड्या खरबुजं विकली. तालुक्यात त्या सहांशिवाय एकही रुग्ण नाही. शेतातल्या खरबुजांच्या साली खरवडून आणल्या.

परत आल्यावर वैतागून गुलनाफिसला सगळं ऐकवत होते. ती भांडी विसळत होती. म्हणाली, "साल सोडा हो. खरबूज कापलं कशाने?"

मी म्हटलं, "सुरीने, अजून कशाने?"

"आणि त्या आधी सुरीने काय कापलं होतं?"

तिने सहज विचारलं होतं. ती तिकडे नव्हतीच, तिला काही माहीत नव्हतं. मी डोकं दुखतंय सांगून घरी निघून आले.

१७ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी टाकली. सुरी स्वयंपाकघरातल्या खणात आहे, म्यानात. समारंभानंतर काढलेलीच नाही.

शोलपान म्हणाली होती, कच्चं आहे ते. सगळ्यांसमोर हसले मी तिला. आतड्याचं शेवटचं टोक, म्हणजे मेंढीत हा जीवाणू बसतो नेमकी तीच जागा. हे मी दरवर्षी परिचारिकांना शिकवते. फळ्यावर मेंढी काढून शिकवते! आणि मांडवात उभी राहिल्यावर मी कोण होते? दोरी कापायचा मान मिळालेली बाई. तेवढीच.

खरं ते लिहिते, ही वही कोणी वाचत नाही. सकाळी दहाला मी पातेलं भरून पाणी गॅसवर ठेवलं. पाच मिनिटं उकळलं की सुरीवर काही उरलं नसतं. मग अहवालात लिहायचं, 'खरबुजाची साल दूषित असण्याची शक्यता'. शेतकऱ्याचंही काही बिघडलं नसतं, हंगाम संपलाय. सहा पोरं तर आजारी पडलीच आहेत, सुरीचं कळून त्यांतलं कुठलं बरं होणार आहे? हे सगळं मी अगदी मुद्देसूद स्वतःशी बोलत होते. पाणी उकळून निम्मं झालं.

मग आठवलं, पुढच्या शनिवारी आमच्याच रस्त्यावर आणखी एकाची दोरी कापायची आहे.

गॅस बंद केला. हातमोजे घातले. पात्यावरून, मुठीच्या सांध्यातून आणि म्यानाच्या आतून कापूस फिरवला. म्यानातला कापूस पिवळा निघाला, वाळलेली चरबी. बाटलीवर लिहिलं, नमुना क्रमांक एकोणीस. मालकाच्या रकान्यात माझं नाव.

१९ ऑगस्ट, शनिवार

शेतातल्या साली कोऱ्या. सुरीची ताटली फिकी. जनुकाची रेघ चढली, पोरांसारखीच. पाण्याची नळी कोरी. यावेळी तिचीही रेघ चढावी, म्हणजे निकाल फेकून देता येईल, म्हणून मी मनातून देवाची करुणा भाकत होते. लाज वाटते, पण भाकत होते.

गुलनाफिसला सांगितलं. ती खुर्चीत बसली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "चहा ठेवते." पहिल्यांदाच काही बोचरं बोलली नाही.

बाकबेर्गेनही चांगुलपणाने म्हणाला, "आपा, 'घरगुती सुरी' एवढंच लिहा. कोणाची ते कशाला?" मी लिहिलं, प्रयोगशाळाप्रमुखांची, आणि कापणारीही तीच. माझी मुकादमी जाईल बहुतेक. जाऊ दे.

मग ल्युदमिलाचं सील काढायला गेले. "दहा दिवस," ती म्हणाली. मी माफी मागितली. ती म्हणाली, "बाजारात सगळ्यांसमोर सील लावलंत, मग माफीही बाजारात मागा." मागितली. भाजीवाल्या हात थांबवून बघत होत्या.

शेवटी वहिनी. ऐकूनच घेईना. "चार पिढ्या आतड्याने बांधतोय, कोणाला शिंकसुद्धा आली नाही!" मी म्हटलं, "चार पिढ्या त्याच सुरीने खरबूज नसेल कापलं कोणी. ते मी कापलं."  ती म्हणाली, "खरबूज मी आणून दिलं होतं." आणि मग, "सुनेला काय काय बोलले गं मी." मी तिला सांगितलं, ते तुझं तू तिच्याशी बोल. माझं मी उद्या बोलते.

२० ऑगस्ट, रविवार

पाच तास बस. टोगझान डोळे मिटून पडलेली. पोटाला नळी, शेजारी पिशवी. आठ दिवस थेंबभर लघवी नाही.

शोलपानला खिडकीपाशी नेऊन सांगितलं. एका दमात सांगितलं, सुरी, आतडं, टॉवेल, म्यान, जनुक. घोळवलं नाही. मी तिला हसले होते त्यावरून ती काही बोलेल असं वाटलं होतं. ते तिला आठवलंही असेल, पण काढलं नाही.

तिने दुसरंच विचारलं. "मग ते औषध देऊ नका म्हणालात, ते खरं होतं का?"

"खरं होतं."

"कशावरून? ते दिलं असतं आणि ती बरी झाली असती तर? तुम्हाला केकही खराच वाटला होता."

मी म्हटलं, बाकीच्या पाचांनाही नाही दिलं, ती पोरं बरी होऊन घरी गेली. इथल्या डॉक्टरांना विचार. पुस्तकात आहे. मी बोलत राहिले आणि बोलता बोलता मला कळलं की तिला हे काही ऐकू येत नाहीये. त्या दिवशी तिने जनुकावर विश्वास ठेवला नव्हता, माझ्यावर ठेवला होता.

"जा तुम्ही आता," ती म्हणाली. "तुमची बस असेल."

बस साडेचारला होती. दोन वाजले होते. मी थांब्यावर जाऊन बसले.

२४ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी फोनवर शोलपानचा निरोप. शब्द नाही, नुसता आकडा. ८.

आधी कळलंच नाही. मग बाकबेर्गेनने अल्माटीला विचारून सांगितलं, आठ मिलिलिटर. लघवी! मी गुलनाफिसला मिठी मारली, तिच्या हातातलं माध्यम सांडलं, ती ओरडली.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

११. मी उत्तर लिहिलं तर ती पाठवायचं बंद करेल अशी भीती वाटते. काही लिहिलं नाही.

२६ ऑगस्ट, शनिवार

आज दोरी कापायची होती त्या घरी आधीच जाऊन बसले. आतडं नको म्हटलं नाही, आधी उकडायला लावलं आणि खरबुजाला सुरी वेगळी. उकडल्यावर आतडं तुटलं थोडं, दोऱ्याने शिवलं. माझ्याबद्दल कुजबुज झाली, ती होणारच. एक बाई म्हणाली, "हिला कशाला बोलावलं?" घरची म्हातारी म्हणाली, "बोलावली नाही, आपणहून आलीय."

शोलपानचा आकडा, १९.

३० ऑगस्ट, बुधवार

४०. मधे एक दिवस १५ वर उतरला होता, त्या दिवशी मी जेवले नाही. नळी अजून आहे.

२ सप्टेंबर, शनिवार

७५. नळी काढली, हे बाकबेर्गेनकडून कळलं. वहिनी अल्माटीला जाऊन तीन दिवस राहून आली. दोघींचं काय बोलणं झालं ते सांगत नाही. एवढंच म्हणाली, "सून माझी धीराची आहे." मी म्हटलं, हे मला काय सांगतेस.

खात्याचं पत्र आलं. प्रमुखपद काढलं, नोकरी ठेवली. यंत्र मीच चालवायचं, कारण दुसऱ्या कोणाला येत नाही.

६ सप्टेंबर, बुधवार

आज आकडा आला नाही. नऊ वाजले, दहा वाजले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी तीन नळ्या चुकवल्या. गुलनाफिस म्हणाली, "लावा की फोन, खाणार आहे का ती तुम्हाला?" शेवटी लावला.

मागे टोगझानचं बोंबलणं ऐकू येत होतं. शोलपान धापा टाकत म्हणाली, "मोजायचं बंद केलं, आपा. लंगोट वाहून गादीपर्यंत जातंय. कुठे मोजणार?"

मला रडू फुटलं. आवरेना. ती पलीकडे थांबून राहिली, फोन ठेवला नाही. मग म्हणाली, "परवा घरी सोडतायत. पण आपा, तुम्ही इतक्यात येऊ नका. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, ते मला कळतं. पण तुमच्याकडे बघवत नाही अजून. जमेल तेव्हा मीच बोलावीन."

मी म्हटलं, "बरं."